रात्रीचे नियम कुणासाठी?

‘अंधार पडायच्या आत घरी ये’ हे वाक्य न ऐकता मोठी झालेली बाई आपल्यात असेल असं मला वाटत नाही. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा आमच्या मुलींच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी साडेसातला बंद व्हायचं. समोरच्या मुलांच्या वसतिगृहाला कुलूपच नव्हतं. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं असायचं, पण ते आमच्यासाठी नव्हतं. स्त्री-पुरुष समानतेवरचे निबंध आम्ही दुपारी उभ्याउभ्या टिपणं काढून लिहिले. रेक्टरबाईंना विचारलं की एकच उत्तर मिळायचं, ‘मुलींनो, तुमच्याच भल्यासाठी आहे ते.’

हे कुलूप मला पुन्हा आठवलं ते घरापासून हजारो मैलांवर, एका जंगलात.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका प्रशिक्षणासाठी मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका या छोट्या देशात जायची संधी मिळाली. प्रशिक्षण संपल्यावर निरनिराळ्या देशांतल्या आम्ही चौदाजणी दोन दिवस मॉन्टेव्हर्डे या डोंगरी गावी गेलो. या देशाने १९४८ साली आपलं सैन्यच बरखास्त केलं. अमेरिकेतली काही क्वेकर कुटुंबं सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन १९५१ साली इथं येऊन राहिली ती त्याच कारणाने. त्यांनी गाई पाळल्या, चीज केलं आणि डोंगरमाथ्यावरचं जंगल पाण्यासाठी राखून ठेवलं. १९७२ मध्ये तिथं अभयारण्य उभं राहिलं. समुद्रावरून येणारे ढग या जंगलातून अक्षरशः चालत जातात. पाऊस नसतानाही पानं ढगातलं पाणी टिपून घेतात आणि झाडाखाली टपटप सुरू असते. ढगांचं जंगल म्हणतात ते हेच.

तिथल्या जंगलात पर्यटकांना रात्री फिरवायला नेतात. तिकीट काढायचं, गमबूट घालायचे, हातात बॅटरी घ्यायची आणि वाटाड्यामागून दोन तास चालायचं. संध्याकाळी सहाला काळोख झाला आणि आम्ही निघालो. काय काय पाहिलं! पिसं फुगवून चेंडूसारखा झोपलेला छोटा हिरवा टूकन पक्षी, फांदीला वेटोळं घालून बसलेला हिरवागार विषारी साप, जांभळ्या उजेडाच्या बॅटरीत निळसर चमकणारा विंचू. एका बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढा टॅरँटुला कोळी बसला होता. वाटाड्या म्हणाला, ‘ही मादी. ही बिळाजवळच राहते. फिरतो तो नर.’ आमच्यातली एक हसून म्हणाली, ‘म्हणजे इथंही बाई घरातच!’ आम्ही सगळ्या हसलो, मीही हसले. थोडं पुढे गेल्यावर पोटाशी पिल्लू धरलेली स्लॉथची मादी डोक्यावरच्या फांदीवरून संथपणे सरकत होती. तेव्हा मात्र कुणी विनोद केला नाही. निसर्गाचे दाखले आपल्याला नेमके सोयीचेच आठवतात. माझ्या बाहेर पडण्याचा कायदा कोळ्याच्या मादीने ठरवू नये, तसा स्लॉथच्या मादीनेही ठरवू नये. तो माणसांनी केलेला आहे आणि माणसांनीच बदलायचा आहे.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. निघण्यापूर्वी वाटाड्याने नियम सांगितले होते. पायवाट सोडायची नाही. कशालाही हात लावायचा नाही. प्राण्याच्या डोळ्यांवर झोत मारायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. एका वाटाड्यामागे सातच माणसं. ठरलेल्या वेळी बाहेर यायचं. मैत्रिणींनो, हे सगळे नियम कुणावर होते? बघायला आलेल्यांवर. जे तिथं राहतात त्यांच्यावर एकही नाही. स्लॉथला कुणी सांगितलं नाही की बाई, सहा ते आठ पर्यटक येतात, तेवढा वेळ तू बाहेर पडू नकोस. साप विषारी आहे म्हणून त्यालाही कुणी पिंजऱ्यात घातलं नाही. ज्याच्या येण्याने त्रास होऊ शकतो त्याने आपले हात, आवाज आणि नजर आवरायची, हे त्या जंगलातलं साधं तत्त्व आहे.

आणि आपल्या गावांत, शहरांत? त्रास देणारा मोकळा फिरतो आणि जिला त्रास होऊ शकतो तिने आठच्या आत घरी यायचं. कपडे तिने सांभाळायचे, वाट तिने बदलायची, सोबत तिने शोधायची. मुलाला ‘रात्री बाहेर बाईकडे बघायचं कसं नाही’ हे शिकवणारं घर विरळा, पण मुलीला कुलूप लावणारं घर गल्लोगल्ली. कुणी म्हणेल, ही बाईला जनावराच्या जागी ठेवते आहे. मी बाईची आणि प्राण्याची तुलना करत नाही. मी दोन ठिकाणच्या नियमांची तुलना करते आहे. आणि दुःख याचं वाटतं की त्यात जंगलच अधिक सुधारलेलं निघतं.

याच मॉन्टेव्हर्डेत एक सोनेरी भेक होता. जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. १९८७ साली मार्था क्रम्प या संशोधिकेने पावसाळ्याच्या सुरुवातीला डबक्यांभोवती तो शेकड्यांनी पाहिला. त्या वर्षीची मोजदाद दीड हजारावर गेली. १९८९ मध्ये एकच दिसला आणि त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी विचारलं, हे कशाने झालं? रोगाने, की हवामान बदलून ढग वर सरकल्याने? आजही त्यावर अभ्यास चालू आहे. आपल्या रस्त्यांवरून रात्री आठनंतर बायका नाहीशा होतात. त्या कशाने नाहीशा झाल्या असं कुणी विचारत नाही. उलट त्यालाच आपण ‘आमचं गाव सुरक्षित आहे’ असं म्हणतो!

आता कुणी म्हणेल, परदेशात सगळं चांगलंच असतं. तसं मुळीच नाही. आम्ही उतरलो होतो तिथं खोल्या झाडणारी एक बाई होती. आमच्यातल्या स्पॅनिश येणाऱ्या मैत्रिणीच्या मदतीने तिच्याशी बोलले. मॉन्टेव्हर्डे परिसरातल्या आठ बायकांनी १९८२ साली हस्तकलेची सहकारी संस्था काढली. तिची आईही पुढे तिथं भरतकाम करायची. आई घरात बसून शिवायची. मुलगी पाळी करते आणि रात्री नऊला सुटते. आम्ही सातजणी वाटाड्याबरोबर, गमबूट घालून, पैसे मोजून अंधार बघत होतो. ती त्याच अंधारातून अर्धा तास एकटी घरी चालत होती. तिला भीती वाटते का, असं विचारलं. ती म्हणाली, ‘झाडांत काही आवाज आला तर नाही वाटत. मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की वाटते.’ बाईची कमाई घराबाहेर आली, पण घरी परतायचा रस्ता तिच्यासाठी कुणी केला नाही. ही गोष्ट कोस्टारिकाची आहे की आपली?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये याच देशात, समुद्रकाठच्या पर्यटनाच्या गावांत, एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन परदेशी स्त्रियांचे खून झाले. पुढे २०२० मध्ये तिथं रस्त्यावरच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे त्यांची लढाईही चालू आहे. ज्या देशात सापाविंचवांच्या रानातून रात्री परक्या पाहुण्यांना सुखरूप नेऊन आणता येतं, तिथंही कामावरून परतणारी बाई वाऱ्यावरच असते. कारण पाहुण्यांसाठी व्यवस्था केलेली आहे आणि तिच्यासाठी केलेली नाही. भीती अंधारात नसते, ती अशा न केलेल्या व्यवस्थेत असते.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. १९७२ मध्ये मथुरावर बलात्कार झाला तो जंगलात नव्हे, पोलीस ठाण्यात. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात कामावर असलेल्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला तो सरकारी रुग्णालयात. या दोन्ही ठिकाणी दिवे होते आणि रखवालदार होते. १४ ऑगस्टच्या रात्री बंगालमध्ये हजारो बायका ‘रात्र आमची’ म्हणत रस्त्यावर आल्या. सरकारने काय केलं? शक्यतो स्त्रियांना रात्रपाळी देऊ नका अशी सूचना काढली. पुन्हा तेच कुलूप! सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम नाकारणं नव्हे.

या कुलपाला कायद्याचा जुना आधार होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात काम करायला मनाई केली. पण त्याच रात्री परिचारिका जागत होत्या, भाजीवाल्या पहाटे तीनला बाजाराकडे निघत होत्या, घरात आजारी माणसाच्या उशाशी बाईच बसली होती. त्यांना कुणी मनाई केली नाही. बाईने रात्री राबायला हरकत नव्हती. चांगल्या पगाराच्या पाळीवर जायला होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईच्या संमतीने रात्रपाळीची वाट मोकळी केली आणि संरक्षणाची व ने-आण करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. चांगलं झालं. पण तो केला तेव्हा दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरता होता. धुणीभांडी करणारी, हातगाडीवाली, कचरा वेचणारी त्यात कुठे आहे?

आता थोडं आपल्याबद्दल, आणि हे मला जास्त टोचतं. आपण संघटना मिळून रात्रफेऱ्या काढतो. हातात मेणबत्त्या आणि फलक, पुढे पोलिसांची गाडी, मागे कार्यकर्त्यांच्या गाड्या. अकरा ते एक चालतो, फोटो निघतात आणि सुखरूप घरी येतो. मी अशा फेऱ्या काढल्या आहेत, त्यांत घोषणा दिल्या आहेत आणि पुढेही देईन. पण त्या जंगलातून बाहेर पडताना मनात आलं, आपली फेरीही तशीच नाही का? वाटाड्यामागून दोन तास रात्र बघून परत येणं? मी ज्या वस्तीत काम करते तिथला सार्वजनिक संडास रात्री दहाला बंद होतो. दहानंतर तिथल्या बायका दोघी-तिघी मिळून नाल्याच्या कडेला जातात. त्यांची रात्रफेरी रोज निघते. तिला ना फलक, ना पोलिसांची गाडी. त्या रात्रीच्या पाहुण्या नाहीत, तिथल्या रहिवासी आहेत. आणि हक्क असतो तो रहिवाशाचा.

म्हणून आपल्या मागण्या रहिवाशाच्या असल्या पाहिजेत. सार्वजनिक संडास रात्रभर उघडा, दिवा आणि पाण्यासकट. शेवटची एस.टी. आणि शेवटची लोकल कामाच्या पाळ्यांना धरून. रात्री काम करणाऱ्या प्रत्येकीसाठी, मग ती दहाच्या दुकानात असो वा एकटी हातगाडीवर, ने-आण आणि विश्रांतीची जागा. मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहांना एकच वेळ. आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘तू तिथं त्या वेळी काय करत होतीस?’ हा प्रश्न विचारायला बंदी.

पुढची रात्रफेरी काढू तेव्हा ती चौकातून चौकात न नेता त्या बंद संडासाच्या दारापर्यंत नेऊ या. तिथं बसू, आणि कुलूप निघेपर्यंत उठायचं नाही. नियम हवेत, जरूर हवेत. पण त्या ढगांच्या जंगलात होते तसे, त्रास देऊ शकणाऱ्यावर. राहणारीवर नव्हेत.