राखेनं घासलेली राणी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी साकोली तालुक्यातल्या एकोडीत घरोघरी अंगणात भांडी निघतात. समया, ताम्हन, गडवे, आजेसासूच्या वेळची घागर. शेजारी एका वाटीत भिजवलेली चिंच, दुसरीत चुलीतली राख, हातात तणसाचा बोळा. हलकं धान कापून झालेलं असतं, त्यामुळं तणसाला तोटा नाही. आणि पितळ कसं घासायचं हे भंडारा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ‘भाणा’ म्हणजे पितळ, त्यावरून भंडारा, अशी नावाची एक व्युत्पत्तीच सांगतात.

भांडी संपत आली की देवघरातून एक पुरचुंडी येते. आत दोन-चार चांदीचे रुपये. कोणी त्यांना राणी छाप म्हणतं, कोणी कलदार, कोणी नुसतं बंदा रुपया. वर्षभरात ते काळवंडलेले असतात आणि काळी लक्ष्मी पूजेला कशी मांडायची? मग तीच चिंच, तीच राख, अंगठ्यानं दाबून गोल गोल घासणं, पाण्यात खळबळणं, पदराच्या टोकानं कोरडं करणं. पाच मिनिटांत रुपया पांढराशुभ्र होतो आणि ताम्हनात जाऊन बसतो.

या पाच मिनिटांत त्याचं काय गेलं, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहा पटीचं भिंग घ्यावं, खोलीत एकच दिवा ठेवावा आणि रुपया काठावर चिमटीत धरून हळूहळू कलता करावा. एका विशिष्ट कोनात व्हिक्टोरिया राणीच्या गालावर एकदम शेकडो बारीक रेघा पेटून उठतात. केसाहूनही बारीक, अंगठा फिरला तशा गोलाकार. त्यांच्यावरून पदराच्या टोकानं ओढलेल्या सरळ रेघा. कोन थोडा बदलला की सगळ्या विझतात. संग्राहक यांनाच ‘हेअरलाइन’ म्हणतात. चरा किंवा ओरखडा वेगळा. तो एकटा असतो, खोल असतो, नखाला लागतो. हेअरलाइनचा सगळा थवाच असतो.

कारण राखेत आहे. धानाच्या तुसात आणि तणसात सिलिका भरपूर असते. तूस जाळलं की मागं उरते ती राख बहुतांश सिलिकाच, म्हणजे वाळूचं मूळ द्रव्य. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर चांदी अडीच ते तीनच्या आसपास बसते, वाळूतला स्फटिक सातवर. राखेतली सिलिका स्फटिकाइतकी कठीण नसली तरी चांदीच्या कितीतरी वर आहे. राणी छाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.६७ टक्के आणि बाकी तांबं. एवढ्याशा तांब्यानं चांदी थोडी घट्ट होते, पण राखेपुढं टिकण्याइतकी नाही. चिंचेचं आम्ल काळा थर सैल करतं आणि राख तो खरवडून नेते. त्याच्याबरोबर खालची चांदीही जाते.

तो काळा थर म्हणजे मळ नव्हेच. हवेतल्या, चुलीच्या धुरातल्या गंधकानं चांदीवर धरलेली ती साय आहे. सुरुवातीला सोनेरी, मग जांभळी, निळसर, शेवटी काळी. सावकाश, एकसारखी धरलेली अशी झाक संग्राहकाला हवी असते, कारण ज्या नाण्याला शंभर वर्षांत कोणी घासलं नाही त्याच्याच अंगावर ती सलग राहते. आणि तिच्याखाली नाण्याची मूळ झळाळी शाबूत असते. टांकसाळीत ठसा प्रचंड दाबानं आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर गोठतात. कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश गरगरतो, तो या रेषांमुळं. राखेनं घासलेला रुपयाही चमकतो, पण त्याची चमक स्टीलच्या वाटीसारखी सपाट असते. आरे फिरत नाहीत. गेलेली ही झळाळी कोणत्याही रसायनानं, कोणत्याही सोनाराच्या हातानं परत येत नाही.

नाण्यावर रेघ दिसली की ती दोषच, असं मात्र नाही. ती कोणाची रेघ आहे हे वाचता आलं पाहिजे आणि या छंदातला खरा आनंद तिथंच आहे.

काही रेघा नाणं जन्मालाच घेऊन येतं. टांकसाळीत ठसा घासून साफ करतात तेव्हा ठशावर बारीक चरे पडतात. पेढ्याच्या साच्यात भेग असली तर ती पेढ्यावर उंच उठते. तसंच ठशावरचा खोलगट चरा नाण्यावर उंच रेघ होऊन येतो. हेअरलाइन उलट, नाण्यात खोल गेलेली असते. दुसरी खूण आणखी पक्की. ठशावर चेहरा खोलात असतो आणि सपाट जागा वर, म्हणून ठसा घासणाऱ्याचा हात चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. ठशाची रेघ राणीच्या नाकाशी येऊन थांबते आणि डोक्यापलीकडं पुन्हा सुरू होते. पदराची रेघ नाक, गाल, मुकुट सगळ्यांवरून बेधडक जाते. ज्यानं हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, तो पुढं फसत नाही. टांकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले खड्डे, खोका हेही असेच बाळपणीचे. एकाही हाताला न लागलेल्या रुपयावर ते सापडतात.

काही खुणा मुद्दाम केलेल्या असतात. १८६२ साल घातलेला राणीचा रुपया पुढं कितीतरी वर्षं त्याच सालानं पाडला गेला. १८७४पासून खरं साल यायला लागलं. मधल्या काळातले रुपये ओळखायचे ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. मोहरीहून लहान ठिपका, पण तो कुठं आहे आणि किती आहेत यावर संग्राहक रात्र रात्र घालवतात. राखेचा हात असे ठिपकेच आधी सपाट करतो. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२पासून हत्तीचं चित्र सुधारलं. तो हत्ती मसुराच्या डाळीएवढा. घासलेल्या रुपयावर सोंडही दिसत नाही आणि वादही कळत नाही.

मोगल काळातल्या आणि मराठेशाहीतल्या रुपयांवर लहान चांदण्या, टिंबं, फुलं ठोकलेली सापडतात. त्या सराफांच्या खुणा. नाणं पारखून घेतलं, चांदी खरी आहे, याची ती साक्ष. बाजारात अशा रुपयाची किंमत कमी धरतात, आणि ते चुकीचं आहे. ज्या पेढ्यांची वही कधीच नाहीशी झाली, त्यांचा व्यवहार या टिंबांतच उरला आहे.

नाण्यावर मागाहून मारलेली खूण इतिहास सांगते, याची सर्वांत मोठी साक्ष नाशिक जिल्ह्यात मिळाली. १९०६मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्यानं न वितळवता चालवली. आजच्या कडक प्रतवारीनं पाहिलं तर ही हजारो नाणी ‘खराब’ झालेली. इतिहासाला मात्र नहपानाला कोणी हरवलं याचा हातात धरता येईल असा पुरावा या खराबीनंच दिला.

विदर्भालाही असाच एक साठा मिळाला. १९३९मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला पोटीन या मिश्रधातूची दीड हजारावर सातवाहन नाणी सापडली. डॉ. वा. वि. मिराशी यांनी त्यांचं वाचन केलं आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावं उजेडात आली. पुराणांतल्या वंशावळीत ही नावं नाहीत. पोटीनचं नाणं बोटाच्या पेराएवढं, आणि त्यावर नावाची अक्षरं काठाला, अर्धी कापलेली. त्यावर एक दुपार चिंच आणि राख चालली असती तर हे राजे अंगणातल्या मोरीतून वाहून गेले असते. ही अतिशयोक्ती नाही. एका ‘क’ची मात्रा पुसली की वाचन संपतं.

एकोडीच्या लोकांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. त्यांच्याच जिल्ह्यात, वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथं १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीखालचा प्राचीन स्तूप उघडा केला. असल्या मातीत नांगराला किंवा बांधाच्या खोदकामात मडकं लागणं अशक्य नाही. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कळवायच्या आधी माणूस पहिलं काय करतो? नाणं धोतराला पुसतो. मातीसकट तसंच ठेवलेलं नाणं संशोधकाला जे सांगेल, ते पुसलेलं नाणं सांगू शकत नाही.

एक खूण अशी आहे की तिच्याबद्दल बाजाराचं मत काहीही असो, ती जपलीच पाहिजे. जुन्या रुपयांना कडी लावून त्यांच्या माळा करायची रीत होती. सोनारानं काठाला डाग देऊन कडी बसवलेली असते. आता विकायच्या वेळी लोक ती कापतात, कानशीनं डाग घासतात आणि रुपया ‘साफ’ करतात. संग्राहकाला ती जागा लगेच दिसते. काठाचे दाते तिथं मेलेले असतात आणि चांदीचा रंग वेगळा. म्हणजे भाव तर येतच नाही, आणि पणजीच्या गळ्यातली कडीही जाते. दोन्हीकडून तोटा.

किमतीचा हिशेब कडक आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी केली, ती आता जगभर वापरतात. ६०पासून वर ती नाणी, जी कधी चलनात फिरलीच नाहीत. ६० आणि ७०च्या मधली सगळी भांडणं बारीक रेघांची आणि खोकांची. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणं तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत घालून आकडा देतात. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, नुसता ‘क्लीन्ड’ असा शेरा मिळतो. एकोडीतला पांढराशुभ्र रुपया त्यांच्याकडं जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. पण जुनी नाणी घेणारा कोणी दारात आला की तोही खिशातून भिंग काढतो, एकदा कलतं करून पाहतो आणि चांदीच्या वजनाचा भाव सांगतो.

मग करायचं काय? फार काही नाही. नाणं काठावर धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. मातीच लागली असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, बाहेर काढून मऊ कापडावर टेकवून टिपायचं. पुसायचं नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचं नाही. त्यात पीव्हीसी असतं, काही वर्षांत त्याचा हिरवा चिकटा नाण्यावर उतरतो. मायलरचं कडक पाकीट स्वस्तात मिळतं. टूथपेस्ट, लिंबू, भांडी घासायची पूड यांतलं काहीही जवळ आणायचं नाही.

पूजेचा प्रश्न उरतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या सासूनं चाळीस दिवाळ्या राणी घासली, तिनं ती प्रेमानंच घासली. तिला ‘आई, हे नाणं तुम्ही खराब केलं’ असं कोणी सांगू नये. तिला भिंग द्यावं, दिवा लावावा, आणि एखादा कधीच न घासलेला, काळा-जांभळा रुपया शेजारी ठेवून दोन्ही फिरवून दाखवावेत. आरे कुठल्या रुपयात फिरतात ते तिलाच दिसेल. अभिषेकाला आजचं दहाचं नाणं चालतं. राणी पाकिटातच, काळीच्या काळी, ताम्हनात ठेवावी. हळदकुंकू पाकिटावर वाहावं. ताम्हन तेवढं चिंचेनं आणि राखेनं मन भरेपर्यंत घासावं.