किल्ली कुणाच्या कमरेला?

रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. पाण्याच्या टाकीवर पाऊण तास, भटक्या कुत्र्यांवर अर्धा तास. मग 'आयत्या वेळचे विषय'. तळमजल्यावरचा रिकामा फ्लॅट चार बायकांना भाड्याने हवा होता. चौघी मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन निघालेल्या, सोबतीला राहणारी एक मदतनीस. मालक राजी, कागद चोख. निकाल मिनिटभरात लागला: त्यांनी कुठेही राहावं, आमची हरकत नाही, फक्त इथे नको.

सेक्रेटरी या प्राण्यावर मी या जागी इतक्यांदा लिहिलंय की संपादकांनी आता हात टेकलेत. तरी सांगतेच: ज्या इमारतीची लिफ्ट कायम बंद, तिथली एनओसी सगळ्यात कडक. पुरावा मागू नका.

चेन्नईच्या 'द बनियन'च्या वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार तुम्हाला आठवत असतील. १९९३ साली विशीतल्या या दोघींनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी काम उभं केलं. बाई बरी झाली तरी घरचे दार उघडतीलच असं नाही, हे कळल्यावर पुढे 'होम अगेन' सुरू झालं. साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी आणि हाताशी एक मदतनीस. नुसत्या सद्भावनेवर त्या थांबल्या नाहीत. गोपीकुमार, लक्ष्मी नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी संस्थेत राहिलेल्या आणि घरात गेलेल्या माणसांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. घरात गेलेल्यांचं लोकांत मिसळणं वाढलेलं दिसलं.

आकडे राहू द्या, मला चहा आठवतो. एका वॉर्डात मी पाहिलं होतं: चार वाजता बादलीतून चहा येतो, साखर आधीच पडलेली. कुणाला किती गोड लागतो हे विचारायची सोयच नाही, कारण विचारून उपयोग नाही. रात्री दिवा घालवणारा हात दुसऱ्याचा, कुलपाची किल्ली तिसऱ्याच्या कमरेला. आणि अशाच एका भाड्याच्या घरात पाहिलं ते: आमटीत मीठ कुणी दोनदा घातलं यावरून दोघींची चांगली जुंपली होती. तिसरीने खिळ्यावरची किल्ली काढली, कोथिंबीर आणायला गेली, सुटे पैसे विसरली, परत आली, पुन्हा गेली. मदतनीस जागची हलली नाही. तेच तिचं काम. वॉर्डात ते भांडण केसपेपरवर 'रुग्ण आक्रमक' म्हणून चढलं असतं. आमच्या सोसायटीत मिठावरून याहून मोठी भांडणं होतात, त्यांचा केसपेपर कुणी काढत नाही.

कायदा कुणाच्या बाजूने आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ काढून बघा. घरच्यांनी नाकारलं किंवा डोक्यावर छप्पर नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवून घेता येत नाही. तरी २०१९ च्या एका अहवालात, पाहिलेल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांपैकी ३६ टक्के माणसं वर्ष किंवा त्याहून जास्त काळ तिथेच होती. आणि आपला पुरोगामी महाराष्ट्र? बऱ्या झालेल्यांना इथे भिक्षेकरीगृहात हलवलं जात होतं, ते थांबवा असं जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मनोरुग्णालयातून सुटका, ती भिक्षेकरीगृहात!

पुण्यात 'बापू ट्रस्ट'च्या भार्गवी दावर वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करत राहिल्या. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्या आमच्या सभेला असत्या तर टाकीचा विषय पाच मिनिटांत उरकला असता, एवढं मी लिहून देते.

सभेत मी हरकत नोंदवली. इतिवृत्त काल व्हॉट्सअॅपवर आलं, त्यात माझी हरकत 'पार्किंग' या मथळ्याखाली आहे. फ्लॅट परवाच गेला, एका कुरिअर कंपनीला, खोकी ठेवायला. खोक्यांना एनओसी लागली नाही.