स्पॉटर म्हणजे रील काढणारा दोस्त नव्हे!

नांदेड-लातूरच्या जिममध्ये बेंच प्रेस मारणाऱ्या पोरांनो, आणि त्यांच्याकडून फी घेणाऱ्या मालकांनो, जरा स्पष्टच बोलतो.

पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात बारला अंगठ्याचा वेढा सक्तीचा आहे. दोन्ही तर्जन्यांमधलं अंतर जास्तीत जास्त ८१ सेंटिमीटर. प्लॅटफॉर्मवर किमान दोन, जास्तीत जास्त पाच स्पॉटर. ही सगळी काळजी कोणासाठी? वर्षानुवर्षं कसलेल्या लिफ्टरसाठी! आणि आपल्याकडं महिनाभरापूर्वी नाव घातलेलं लेकरू अंगठा मोकळा सोडून बार उचलतं, अन् डोक्याशी उभा दोस्त मोबाइलवर रील काढतो. बार निसटला तर थेट छातीवर, नाहीतर गळ्यावर. मोबाइल खिशात घालेपर्यंत खेळ संपलेला असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बिकानेरला सरावात २७० किलोचा बार मानेवर पडून १७ वर्षांची सुवर्णपदक विजेती गेली. तो स्क्वॉट होता, ट्रेनर शेजारीच होता. तरी हे झालं. मग एकट्यानं बेंच मारणाऱ्याचं काय?

"दम असला की स्पॉटर लागत नाही" म्हणणाऱ्यांनी सांगावं, तालमीत वस्ताद काय कच्च्या पैलवानासाठीच उभा असतो का?

मालकांनो, आरसे अन् स्पीकर नंतर घ्या. आधी बेंचला सेफ्टी स्टँड बसवा. पाठीची कमान सोडली की बार गळ्याच्या वरच अडला पाहिजे, एवढी त्याची उंची ठेवा. जड सेटला माणूस उभा करा, ज्याचे हात रिकामे अन् नजर बारवर असेल.

पोरांनो, फी भरताय ना? मग हे हक्कानं मागा. नाही दिलं तर दुसरी जिम बघा!