पित्तनळीत खडे पुन्हा पुन्हा होतात तेव्हा

“पित्ताशय तर काढून टाकले, मग खडा आला कुठून?” हा प्रश्न अनेक घरांत पडतो. यकृतात तयार होणारे पित्त एका नळीवाटे आतड्यात उतरते. पित्ताशय ही त्या वाटेवरची साठवणीची पिशवी. पिशवी काढली तरी नळी राहतेच. नळी फुगली किंवा तिचे तोंड आवळले, की पित्त तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि खडे धरतात. पाटाचे तोंड अरुंद असले तर गाळ कितीदा उपसला तरी पुन्हा साचतो, तसेच हे.

पहिला उपाय पोट उघडण्याचा नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचे तोंड किंचित कापतात व खडे ओढून काढतात. ही रीत १९७४ साली जपान व जर्मनीत पुढे आली. बहुतेकांचे काम तेवढ्यावर भागते. खडे तसे निघेनात, किंवा काढूनही वारंवार होऊ लागले, तर पित्ताला नवी वाट करून देण्याचा विचार होतो. ही वाट मुख्यतः दोन प्रकारची.

पहिल्या प्रकारात नळी शेजारच्याच आतड्याला, म्हणजे जठरापुढच्या पहिल्या भागाला जोडतात. जोड एकच, वेळ कमी. म्हणून वयस्कर, अशक्त माणसाला ती सोसण्याजोगी. पुढे दुर्बीणही तिथवर सहज पोचते. मात्र नळी चांगली रुंद, सव्वा-दीड सेंटिमीटर तरी, असावी लागते. शिवाय अन्न नळीत शिरू शकते. जोडाखाली उरलेल्या टोकात गाळ साचून काही रोग्यांना पुन्हा ताप येतो.

दुसऱ्या प्रकारात लहान आतडे खाली कापून त्याचे एक टोक वर आणतात व नळीला जोडतात. ही जोडणी स्वित्झर्लंडचे शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. अन्नाची वाट पित्ताच्या जोडापासून ४० ते ६० सेंटिमीटर दूर राहते, त्यामुळे अन्न सहसा नळीत चढत नाही. नळी वरच्या बाजूस आवळली असेल तर बहुधा हीच निवडतात. पण शस्त्रक्रिया मोठी, जोड दोन आणि पुढे दुर्बीण पोचणे अवघड. जोड कालांतराने दोन्ही प्रकारांत आवळू शकतो.

तेव्हा अमकी चांगली, तमकी वाईट असे नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: नळी किती रुंद आहे? खडे यकृतातही आहेत का? पुन्हा त्रास झाला तर पुढे काय करता येईल?

शहापूर-मुरबाडकडच्या मंडळींना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाऊक असेलच. ठाणे महापालिकेच्या या रुग्णालयाला १९९२ पासूनचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तिथे किंवा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शल्यविभागात आधी दाखवावे. दुर्बिणीची सोय कुठे आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हेही तिथेच विचारावे.

उजव्या बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून ताप आणि डोळे पिवळे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर काविळीची माळ घालून वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर जिवावर बेततो.

आणि शस्त्रक्रियेचा कागद सातबाऱ्यासारखा जपा. जोड कोणता केला आहे, हे पुढच्या डॉक्टरला त्यावरूनच कळते.