न्यावं की ठेवावं? ऊसतोडीला निघालेल्या घरातलं वर्षाचं लेकरू

दसरा जवळ आला की कळंब, वाशी, भूम, परांडा या भागातल्या दवाखान्यांत ताप-खोकल्याच्या पेशंटसोबत एक वेगळा प्रश्न घेऊन आया येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी कधी लागणार हे ठरलेलं असतं आणि कडेवर दहा-अकरा महिन्यांचं बाळ असतं.

"डॉक्टर, लेकराला न्यावं का आज्जीपाशी ठिवावं?"

सुरुवातीच्या काळात मी या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचो. अंगावर पितंय ना, मग न्या. पाडव्याच्या सुमारास तेच बाळ परत यायचं, वजन जेमतेम तेवढंच असायचं आणि मी आईला रागवायचो, "लक्ष नाही तुमचं." आज त्याची लाज वाटते. पहाटे फडात उतरून दिवसभर ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी आणि कधी रात्रीही गाडी भरायला उठणारी बाई लक्ष देणार कधी, हा विचार मी केलाच नव्हता.

आता मी उलट प्रश्न विचारतो: दिवसभर बाळाजवळ मोठं माणूस कोण असणार आहे? बाळ कुठे राहणार हे त्यानंतर ठरवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या वयात नेमकं काय बदलतं?

पाच-सहा महिने आपल्याला एक हंगाम वाटतात. अकरा महिन्यांच्या बाळासाठी तो आजवरच्या आयुष्याच्या निम्मा काळ असतो. जाताना रांगणारं बाळ येताना पळत येतं. या काळात तीन गोष्टी एकदम घडतात.

पहिली गोष्ट खाण्याची. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही. वर्षानंतर आईच्या दुधातून गरजेच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा मिळते, बाकीची जेवणातून यावी लागते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी (250 मिलीची) घट्ट जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ. बाळाचं पोट लहान असतं, म्हणून वरणाचं पाणी पाजून उपयोग नाही. घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचं बारीक कूट, उकडलेलं अंडं, वर चमचाभर तेल किंवा तूप हे सगळं आपल्या घरात असतंच. कमी पडतो तो वेळ. एका वाटीला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाची जागा बिस्किटाचा पुडा घेतो.

दुसरी गोष्ट चालण्याची. नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं चालू लागतात. पाय फुटतात, पण धोका कळत नाही. कोपीसमोरची चूल, पाण्याची टाकी, मागे येणारा ट्रॅक्टर, धारदार कोयता, पाचटातला साप, सगळं त्याच्या उंचीवर असतं.

तिसरी गोष्ट माणसं ओळखण्याची. आठ-नऊ महिन्यांपासून बाळ आई दिसेनाशी झाली की रडतं आणि पुढचे काही महिने हे वाढतच जातं. याला हट्ट म्हणू नका, ही वाढीची खूण आहे. अशाच वयात आई अचानक सहा महिन्यांसाठी गेली तर काही मुलं जेवण सोडतात, रात्री दचकून उठतात.

न्यायचं असेल तर

घरातली आजी, मावशी किंवा आत्या, कोणी तरी एक मोठं माणूस सोबत न्या. "तिला तिथं काय काम?" असं घरात म्हटलं जातं. बाळ सांभाळणं हेच तिचं काम आहे. तिचा खर्च जड वाटेल, पण भाजलेल्या किंवा जुलाबानं सुकलेल्या बाळाला घेऊन परक्या गावात दवाखाना शोधताना मजुरीही बुडते आणि जीवही टांगणीला लागतो.

निघण्यापूर्वी लसीकरणाचं कार्ड पिशवीत घाला. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, तर 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतात. सात महिन्यांचं बाळ दसऱ्याला निघालं तर त्याची गोवरची तारीख फडावरच येते. ही लस तिथल्या कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, आपल्याच गावात घ्यावी लागते असं नाही. मुदत चुकली असेल तरी परत आल्यावर जरूर घ्या.

अंगणवाडीताईंना आपण कुठे जाणार ते सांगून जा. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे नव्या ठिकाणच्या अंगणवाडीतून पोषण आहार मिळू शकतो. पाणी उकळून द्या. ओआरएसची चार पाकिटं जवळ ठेवा.

ठेवायचं असेल तर

आजी धडधाकट असेल, अंगणवाडी चालू असेल, तर बाळाला गावी ठेवणं चुकीचं नाही. त्या आईला "काळजावर दगड ठेवून गेली" असे टोमणे मारू नका. पण बाळाला आधी तयार करा. जाण्याच्या आदल्या दिवशी छातीला कोरफड किंवा कडुनिंब लावून दूध तोडणं बाळासाठी वाईट आणि आईसाठीही, कारण दूध साचून गाठी होतात, ताप येतो. महिनाभर आधीपासून एकेक वेळचं दूध कमी करत त्या वेळी आजीच्या हातून जेवण सुरू करा. झोपवण्याचं कामही आजीकडे द्या.

बाळ वर्षाचं नसेल, तर त्याला गाईचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊन ठेवून जाऊ नका. आपली उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे, पण शेळीच्या दुधात फॉलिक अ‍ॅसिड फार कमी असतं. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको. पोट दुधानं भरलं की बाळ जेवत नाही आणि रक्त कमी होतं.

रोज संध्याकाळी फोनवर आवाज ऐकवा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या. घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वाट पाहू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

थोरली मुलगी हा उपाय नाही

माझ्या प्रश्नाला सर्वांत जास्त मिळणारं उत्तर आहे, "थोरली हाय की सांभाळायला." ती थोरली आठ-नऊ वर्षांची असते. ती तिसरी-चौथीची शाळा सोडून येते. चुलीजवळ धावलेल्या बाळाला तिनं उचलायचं कसं? काही झालं तर आयुष्यभर दोष मात्र तिच्या माथी. एका मुलाच्या सांभाळासाठी दुसऱ्या मुलाचं बालपण खर्ची घालू नये, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

हे एकट्या आईचं काम नाही

उचल जोडप्यावर दिली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बाळासाठी मागे राहिली तर तो अर्धा कोयता होतो. म्हणजे हिशेबात बाई धरली जाते, तिच्या कडेवरचं बाळ नाही. शाळकरी मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली, चांगलं झालं. पण वर्षाचं बाळ वसतिगृहात राहू शकत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा त्याहून जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. केंद्र सरकारची पाळणा योजना सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी आहे. मग जिथे पन्नास कोप्या एकत्र पडतात तिथे एक सावली, एक स्वच्छ पाण्याची टाकी आणि पगारावर नेमलेल्या दोन बाया हंगामभर का नसाव्यात? साखर कारखान्यांनी आणि सरकारनं मिळून ही सोय करणं हे उपकार नव्हेत, कामाच्या जागेची ती मूलभूत गरज आहे.

आणि बाळाच्या वडिलांसाठी एक गोष्ट. दिवसभर दोघंही सारखेच राबता. मग कोपीवर आल्यावर ती भाकरी थापत असताना बाळाला भरवणारा हात तुमचा असू द्या. अर्धा तास लागेल.

यंदा तुमच्या घरातून गाडी निघणार असेल तर आत्ताच सगळे एकत्र बसा आणि एकाच माणसाचं नाव ठरवा. बाळाजवळ दिवसभर कोण? ते नाव पक्कं झालं की न्यावं की ठेवावं याचं उत्तर बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच मिळेल. नाहीच मिळालं तर कार्ड घेऊन दवाखान्यात या, आपण मिळून ठरवू. यावेळी मी रागावणार नाही.