राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नाशिकचा मतदार कुठे आहे?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की प्रस्थापित वर्तमानपत्रांतून एकच चर्चा सुरू होते. उमेदवार कोणत्या जातीचा, कोणत्या राज्याचा, पुरुष की स्त्री? २०१७ साली हे झाले, २०२२ साली झाले. द्रौपदी मुर्मू यांची मुदत २०२७ साली संपते. तेव्हाही तेच होणार. नाशिकच्या शालिमार चौकात, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ जमणारे आपले कार्यकर्तेही या चर्चेत हिरिरीने भाग घेतात. पण या निवडणुकीत आपले मत किती, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आज आम्ही विचारणार आहोत.

घटनेच्या कलम ५४ प्रमाणे राष्ट्रपतींना संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात. सामान्य मतदाराच्या हाती मतपत्रिका येत नाही. म्हणून मतदाराचा त्यात काहीच वाटा नाही असे समजणे चूक आहे. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. २०२२ पर्यंत त्यासाठी १९७१ च्या जनगणनेचा आकडा धरला गेला. तेव्हाची महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी आणि मग एक हजाराने भागले की १७५ येतात. नाशिक जिल्ह्यात १५ आमदार आहेत, म्हणजे जिल्ह्याची २,६२५ मते झाली. ही मते आमदारांच्या घरची नव्हेत. सुरगाण्याचा शेतमजूर, नाशिकरोडचा प्रेस कामगार, मालेगावचा यंत्रमाग कामगार यांची डोकी मोजून ती तयार झालेली आहेत. शिवाय या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. आमदार कायद्याने पूर्ण मोकळा असतो. तरीही मतदानाला जाण्यापूर्वी मतदारसंघात सभा घेऊन लोकांचे मत विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही. हुकूम मुंबईहून किंवा दिल्लीहून येतो आणि आमची १७५ मते त्या हुकमावर जातात.

राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का, मग एवढी काळजी कशाला, असे काही जण म्हणतील. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, राष्ट्रपती हा राष्ट्राचा प्रमुख आहे, पण राज्यकारभाराचा नाही. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य करीत नाही. हे खरेच आहे. परंतु मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा आणि विधेयक परत करण्याचा अधिकार घटनेने राष्ट्रपतींना दिलेला आहे. तो वापरायचा की नाही, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

याचा पुरावा १९९७ सालचा आहे. त्या वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी जमलेल्या आपल्या माणसांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दहा जणांचे बळी गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १४ जुलैला, राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले आणि के. आर. नारायणन प्रचंड बहुमताने निवडून आले. त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या टी. एन. शेषन यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, आणि महाराष्ट्रात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. एका आठवड्यात हा देश दलिताला सर्वोच्च खुर्चीवर बसवतो आणि त्याच आठवड्यात दलित वस्तीत गोळीबार करतो! खुर्ची मिळाल्याने वस्ती सुरक्षित होत नाही, हा धडा तेव्हाच मिळालेला आहे.

तरीही नारायणन यांनी त्या खुर्चीचे मोल वाढवले. १९९७ साली उत्तर प्रदेशात आणि १९९८ साली बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. पहिल्या वेळी गुजराल यांचे सरकार होते, दुसऱ्या वेळी वाजपेयींचे. पक्ष पाहून त्यांनी निर्णय घेतला नाही. वरिष्ठ न्यायालयांत अनुसूचित जाती-जमातींचे न्यायाधीश का नाहीत, हा प्रश्न त्यांनी फायलीवर लिहून विचारला. आणि १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत हेच राष्ट्रपती सामान्य मतदारासारखे मतदान केंद्राच्या रांगेत उभे राहिले.

२०१७ साली रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार असे दोन्ही उमेदवार दलित होते. रोहित वेमुलाचा मृत्यू, ऊना, सहारनपूर या घटना ताज्या असताना दोन्ही बाजूंना दलित चेहऱ्याची गरज वाटली, यात नवल नाही. पण त्या प्रचारात ऊनावर वा सहारनपूरवर किती चर्चा झाली? उमेदवाराची जात सांगितली की समाजाचा प्रश्न सुटला, असा देखावा करण्यात आला. पुणे करारानंतर राखीव जागांवर जे घडत आले, तेच राष्ट्रपती भवनाच्या दारात घडले. माणूस आमचा, पण निवडणारे दुसरे.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. संथाळ आदिवासी स्त्री राष्ट्रपती झाली याचा आम्हाला आनंद झाला आणि तो आम्ही लपवणार नाही. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ साली त्यांनी आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयके परत पाठवली होती. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कैद्यांबद्दल त्या न्यायाधीशांसमोर कळकळीने बोलल्या. मात्र २०२२ च्या वन संवर्धन नियमांवर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने हरकत घेतलेली असताना, ऑगस्ट २०२३ मध्ये वन संवर्धन दुरुस्ती कायद्यावर त्यांची सही झाली. राज्यपाल म्हणून ज्यांनी फाईल परत केली, त्यांना राष्ट्रपती म्हणून ती परत का करता आली नाही, हा आमचा सवाल आहे.

नाशिकला हा सवाल विचारण्याचा विशेष हक्क आहे. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके पाचव्या अनुसूचीखाली येतात, आणि अशा भागाच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींकडे पाठवायचा असतो. याच भागातले आदिवासी शेतकरी मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. पायांची कातडी सोलली तरी थांबले नाहीत. १९६४ साली याच जिल्ह्याच्या दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला होता. जमिनीचा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

आणि नाशिकमध्ये राष्ट्रपतींचे नाव कशासाठी गाजले? जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या सोहळ्याच्या दिवशी काळाराम मंदिरात आरतीला येण्याचे निमंत्रण उद्धव ठाकरे यांनी राष्ट्रपतींना जाहीर केले म्हणून! ज्या मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० पासून आपल्या आजोबा-आजींनी लाठ्या खाल्ल्या, ज्या अनुभवानंतर १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, ते मंदिर पुन्हा राजकारणाच्या सोयीचे झाले. वनपट्ट्यांची फाईल घेऊन मात्र राष्ट्रपतींना कोणी नाशिकला बोलावले नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. देवळाली अनुसूचित जातींसाठी, तर दिंडोरी, कळवण, बागलाण आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. या पाच आमदारांची मिळून ८७५ मते होतात. मतदानापूर्वी त्यांच्या दारात जाऊन विचारा: ज्याला तुम्ही मत देणार, त्याने आजवर कोणता चुकीचा कागद परत पाठवला? अनुसूचित जाती-जमातींच्या आयोगांचे अहवाल तो वाचणार की बासनात बांधून ठेवणार? आणि तुम्ही मत कोणाला विचारून देणार?

उत्तर मिळाले नाही तर तेही लिहून ठेवा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमची मतपत्रिका नसली, तरी विधानसभेच्या निवडणुकीत ती आमच्याच हातात असते.