राग आपला, नफा कुणाचा?

मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपली की आपण मोबाइल हातात घेतो. बघायची असते एखादी रेसिपी, पण अर्ध्या तासानं डोकं कुणावर तरी भडकलेलं असतं. हे आपोआप होत नाही बरं का!

२०१७मध्ये फेसबुकनं रागाच्या चेहऱ्याला, इतर चेहऱ्यांप्रमाणेच, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. ज्या पोस्टचं वजन जास्त, ती जास्त लोकांना दिसणार. पुढे २०१९मध्ये कंपनीच्याच संशोधकांना आढळलं, की राग मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती असण्याची शक्यता जास्त. तरी रागाचं वजन शून्यावर यायला २०२० उजाडलं. आपल्याला हे कळलं २०२१मध्ये, तिथं नोकरी केलेल्या फ्रान्सिस हॉगेन या बाईंनी कागदपत्रं उघड केल्यावर. आपण जितका वेळ खिळून बसतो, तितक्या जाहिराती विकल्या जातात. हिशेब साधा आहे.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यंत्राचं हे काम आपणच करतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारे ते नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. म्हणजे मर्यादा घालता येत होती. जीव गेल्यावर घातली.

मग जबाबदार कोण? आयटी कायद्याचं कलम ७९ काही अटींवर कंपन्यांना संरक्षण देतं, कारण मजकूर दुसऱ्याचा असतो. मला हे अर्धंच पटतं. मजकूर दुसऱ्याचा असेल, पण तो किती जणांपुढे ढकलायचा हे कंपनीच ठरवते. तेवढा जाब तिला द्यावाच लागेल, आणि तो सरकारनं मागायला हवा.

आमच्या आष्टीनंही राग पाहिलाय. १६ ऑगस्ट १९४२ला इथले लोक इंग्रजी सत्तेविरुद्ध पोलीस ठाण्यावर चालून गेले. राग कुणावर, कशासाठी, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आता आपण ‘जसं आलं तसं पाठवलं’ म्हणून हात झटकतो, आणि किंमत मोजतो भलताच कुणी गरीब.

म्हणून मेसेज वाचून रक्त उसळलं, तर आधी पोलीस पाटलांना फोन करून खरं-खोटं विचारा. तोवर बोट आवरा. एवढं तर आपल्या हातात आहे ना?